ठाऊक होतं, तर सांगायचं

ख्रिस्ती घरात वाढलेल्या पोराला पहिला तात्त्विक पेच पडतो तो यहूदा इस्कर्योतामुळे. संडे स्कूलमध्ये बारा शिष्यांची नावं पाठ करताना अकरा नावं सरळ येतात आणि बाराव्याला शेपूट असतं: येशूला शत्रूंच्या हाती धरून देणारा. मग मागच्या रांगेतून एखादा हात वर होतो. येशूला आधीच ठाऊक होतं ना? मग यहूदाचं काय चुकलं? आणि त्याने ऐन वेळी अंग काढून घेतलं असतं तर येशू क्रुसावर गेला नसता, मग आपलं तारण कसं झालं असतं? शिकवणाऱ्या बाई घड्याळाकडे बघतात, प्रभूचे मार्ग अगम्य आहेत म्हणतात आणि पेटीवाल्याला खूण करतात. तो हात वर करणारी मुलगी मी होते, आणि पुढे त्याच वर्गात घड्याळाकडे बघणारी बाईही झाले. त्यामुळे दोन्हींकडची अडचण मला माहीत आहे.

पेच मांडायला सोपा आहे. देवाला सगळं ठाऊक आहे आणि देव चुकत नाही. उद्या सकाळी मी शेजारणीशी खोटं बोलणार असेन, तर ते त्याला आज ठाऊक आहे. जग घडवण्याआधीही ठाऊक होतं. मग उद्या खरं बोलायची मुभा मला खरोखर आहे का? आहे म्हणावं, तर देवाचं ज्ञान खोटं पाडायची ताकद माझ्यात आली. नाही म्हणावं, तर न्यायाच्या दिवशी मला जाब कशाचा विचारणार?

यात नवं काय, असं मराठी माणसाला वाटेल. सटवाई कपाळावर लिहून जाते, प्रारब्ध भोगून संपवावं लागतं, हे सगळे ऐकतच मोठे होतात. पण तिथे एक सोय आहे. कपाळी लिहिलेलं मागच्या कुठल्या तरी जन्मी मीच कमावलेलं आहे, असं म्हणता येतं. हिशेब फिरून माझ्याच खात्यावर येतो. ख्रिस्ती विश्वासात मागचा जन्म नाही. यहूदा पहिल्यांदाच जन्माला आला होता, आणि ज्याने त्याला घडवलं त्याला त्याचा शेवट माहीत होता. वर शुभवर्तमानकार मत्तय सांगतो की, तो माणूस जन्मलाच नसता तर त्याच्यासाठी बरं झालं असतं, असं खुद्द येशू शेवटच्या भोजनाला म्हणाला. जन्मला नसता तर बरं, हे ठाऊक असूनही जन्माला घातला. मागच्या रांगेतला हात उगीच वर होत नाही.

चर्चने या प्रश्नावर पहिल्यापासून डोकं फोडून घेतलं आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन या धर्मपंडिताने इच्छास्वातंत्र्यावर एक संवाद लिहिला. त्यात त्याचा मित्र एवोदियस नेमकं हेच विचारतो. ऑगस्टीन त्याला स्मरणशक्तीचा दाखला देतो. काल घडलेलं तुला आठवतं, पण तुझ्या आठवणीने ते घडवलं नाही. तसं देवाला उद्याचं ठाऊक आहे, पण त्याच्या ठाऊक असण्याने ते घडत नाही. ऐकायला चोख आहे. फक्त एक गोष्ट खुपते. आठवण घटनेच्या मागून येते, आणि हे ज्ञान घटनेच्या आधीच येऊन बसलेलं असतं. काल जे झालं ते आज कुणाच्या बापाला बदलता येत नाही. देवाला काल ठाऊक होतं, ही बाबसुद्धा कालचीच. ती बदलत नसेल, तर तिच्या पोटातलं उद्याचं तरी कसं बदलणार? पुढे ऑगस्टीन स्वतः कृपा आणि पूर्वनियोजन (कोण तरणार हे देवाने आधीच नेमणं) या विषयांवर इतका कडक झाला की माणसाच्या मोकळ्या इच्छेची बाजू घेणाऱ्या पेलाजियसने याच जुन्या संवादातली वाक्यं त्याच्यावर उलटवली. तरुणपणी लिहिलेलं असं कधी कधी अंगाशी येतं.

हा काळाचा काटा काढला बोएथियसने. रोममधला खानदानी माणूस, इ. स. ५१० साली कॉन्सल झालेला, पुढे ऑस्ट्रोगॉथ राजा थिओडोरिकच्या दरबारातला वरिष्ठ अधिकारी. राजद्रोहाचा आळ आला आणि रवानगी कैदेत झाली. ५२४ च्या सुमारास मृत्युदंडाची वाट बघत त्याने एक ग्रंथ लिहिला, त्यात तत्त्वज्ञान ही एक बाई बनून त्याच्या कोठडीत येते आणि त्याच्याशी वाद घालते. तिचं म्हणणं असं की देव काळाच्या आत राहतच नाही. त्याला काल नाही, उद्या नाही. आपल्याला तुकड्यातुकड्याने मिळणारं सगळं त्याच्यापुढे एकदम हजर आहे. म्हणजे त्याच्या ज्ञानाला पूर्वज्ञान म्हणणंच चुकीचं, ते नुसतं बघणं आहे. समोर सूर्य उगवतो आहे आणि त्याच वेळी रस्त्याने एक माणूस चालला आहे, दोन्ही तू बघतोस. सूर्याला उगवल्यावाचून गत्यंतर नाही, माणूस आपल्या मर्जीने चालला आहे, आणि तुझ्या बघण्याने दोघांतला हा फरक पुसला जात नाही.

गंमत म्हणजे ऑगस्टीन आणि बोएथियस या दोघांच्याही अस्थी आज उत्तर इटलीत पावियाच्या एकाच चर्चमध्ये आहेत, सान पिएत्रो इन चेल दोरोमध्ये. ऑगस्टीन वर वेदीपाशी, बोएथियस खाली तळघरात. राहिलेला वाद पुरा करायला त्यांना भरपूर वेळ मिळाला आहे.

कॉलेजात असताना बोएथियसचं हे उत्तर मला फार आवडायचं. वर्गातला हात वर झाला की मी तो सूर्य आणि तो चालणारा माणूस फळ्यावर काढून दाखवायचे, आणि पोरं गप्प व्हायची. पटलं म्हणून की कंटाळली म्हणून, कोण जाणे.

मग आत्याचा थोरला गेला. गळिताचा हंगाम, नगर-दौंड रस्ता, रात्रीची वेळ. उसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला अर्धी डांबरावर उभी, मागे दिवा नाही की रेडियमची पट्टी नाही. दादा मोटारसायकलवर होता. घरी फोन आला तेव्हा अपघात झालाय एवढंच सांगितलं. रिक्षा येईपर्यंत आत्या पलंगाशी गुडघे टेकून, माझ्या लेकराला वाचव म्हणत राहिली. दवाखान्यात पोचल्यावर कळलं की ती गुडघे टेकायच्या आधीच सगळं झालं होतं.

मातीनंतर घरात माणसांची रीघ लागली. आमच्या लोकांना दुःखाच्या घरी गप्प बसायची सवय नाही. बसकर अंथरलेली, चहाच्या फेऱ्या चालू, आणि जो येईल तो एक वचन वाचणार, एक प्रार्थना करणार आणि उठता उठता म्हणणार, प्रभूची योजना होती. देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, आत्याबाई. आत्या ऐकून घेत होती. तिच्या मांडीवर दादाचं हेल्मेट होतं, पोलिसांनी परत दिलेलं, आणि ती त्याचा पट्टा उगाच लावत काढत होती. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या माणसाने पुन्हा तेच म्हटलं, तेव्हा तिने मान वर केली.

"ठाऊक होतं, तर सांगायचं ना. मला काही ठाऊक नव्हतं, तरी मी म्हटलं होतं, रात्रीचा निघू नको, सकाळी जा."

एवोदियसला हे सुचलं नव्हतं. सगळ्या तत्त्वज्ञांनी एकच विचारलं आहे, की जाणणाऱ्याच्या ज्ञानाने करणाऱ्याचे हात बांधले जातात का. आत्याला हातांची काही शंका नव्हती. दादा आपल्या मर्जीने निघाला, ट्रॉलीवाल्याने आपल्या आळसाने रेडियम लावलं नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिला जाणणाऱ्याच्या तोंडाबद्दल विचारायचं होतं. आणि इथे बोएथियसचं उत्तर नुसतं अपुरं पडत नाही, उलटं फिरतं. देव सगळं एकदम बघतो, दादाचं निघणं आणि रात्रीची ट्रॉली एकाच नजरेत बघतो, तर त्याने इशारा द्यायचा कुठून? जे घडताना दिसतंय ते घडू नये म्हणून सूचना कशी देणार? ज्ञान जितकं पुरं, तितकं ते वेळेवर वापरायला निरुपयोगी. असा देव कुणाचेच हात बांधणार नाही, आणि कुणाला हाकही मारू शकणार नाही.

पण पवित्र शास्त्रातला देव तर सारखा हाका मारत असतो. म्हणून त्यानंतर मी एक वेगळंच काम हाती घेतलं. देवाला ठाऊक होतं का, हे सोडून दिलं आणि त्याने जिथे सांगितलं तिथे काय झालं, ते वाचायला बसले.

सगळ्यात चक्रावणारी जागा पहिल्या शमुवेलात तेविसाव्या अध्यायात आहे, आणि प्रवचनात ती कधी येत नाही. पलिष्टी लोक कईला गावाची खळी लुटत होते. दावीदाने त्यांना हाकलून गाव सोडवलं आणि तिथेच मुक्काम केला. त्याच्या जिवावर उठलेल्या शौल राजाला बरं झालं. वेशी-अडसर असलेल्या गावात शिरलाय म्हणजे आपसूक कोंडला गेला. दावीदाला कुणकुण लागली. त्याने अब्याथार याजकाकडून एफोद (देवाचा कौल घ्यायचं याजकाचं वस्त्र) मागवलं आणि देवाला सरळ विचारलं. शौल इथे येईल का? देव म्हणाला, येईल. कईलाचे लोक मला त्याच्या हाती देतील का? देव म्हणाला, देतील. ज्यांची खळी वाचवली तेच लोक! दावीदाने वाद घातला नाही, देवाची इच्छा म्हणून डोळे मिटून बसलाही नाही. आपली सहाशेच्या आसपास माणसं घेऊन तो गावाबाहेर पडला. शौलाला कळलं, तो आलाच नाही. कईलाच्या लोकांनी कुणाला कुणाच्या हाती दिलं नाही.

देवाने सांगितलेल्या दोन्ही गोष्टी घडल्या नाहीत. आणि तरी देव खोटा ठरला असं शमुवेलाचं पुस्तक कुठेही म्हणत नाही. दावीदही तक्रार करत नाही. सांगितलं म्हणूनच घडलं नाही, हे त्याला पुरतं कळलं होतं.

निनवेचंही तसंच. योना संदेष्टा त्या शहरात रस्त्यारस्त्याने ओरडत गेला की चाळीस दिवसांनी निनवे उलथून जाईल. त्यात 'तर' नाही, 'नाहीतर' नाही. राजा गादीवरून उतरला, गोणपाट नेसून राखेत बसला, आणि फर्मान काढलं की गुराढोरांनीसुद्धा काही खायचं-प्यायचं नाही, त्यांनाही गोणपाट घाला. (गोणपाट घातलेल्या गायी हे मला शास्त्रातलं सगळ्यात लाडकं दृश्य आहे.) शहर वाचलं आणि योना संतापला. भविष्य खरं ठरलं नाही म्हणून नाक कापलं गेल्यासारखा शहराबाहेर जाऊन बसला. हिज्कीया राजाला तर यशया संदेष्ट्याने स्पष्ट सांगितलं होतं, घराची निरवानिरव कर, तू मरणार. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली, आणि यशया मधल्या चौकातून बाहेर पडायच्या आत त्याला परत पाठवलं गेलं: पंधरा वर्षं वाढवली आहेत.

अशा जागा वाचून उत्तर अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल (शास्त्रवचनाला प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) अभ्यासकांनी १९९४ साली सरळ मांडलं की माणसांनी मोकळेपणाने अजून न घेतलेले निर्णय देवालाही पक्के ठाऊक नसतात. भविष्य खरोखरच उघडं आहे. मोठं वादळ उठलं. २००१ साली तिथल्या इव्हँजेलिकल अभ्यासकांच्या संघटनेने या मताविरुद्ध ठराव केला, दोन वर्षांनी त्यातल्या दोघांना काढून टाकायचा प्रयत्न झाला आणि लागणारी दोन तृतीयांश मतं न मिळाल्याने फसला. मला त्या माणसांची धिटाई आवडते. पण त्यांचा देव आत्यापुढे उभा केला, तर तो म्हणणार, मलाही कल्पना नव्हती. आत्याला ते नको आहे. जाब विचारायला कुणीतरी जाणणारा लागतो.

कईलाच्या त्या प्रसंगावर अख्खा एक सिद्धांत उभा आहे. लुईस दे मोलिना हा स्पॅनिश जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघाचा पाद्री. १५८८ साली लिस्बनमध्ये त्याचं पुस्तक निघालं, आणि त्याच्या पुराव्यांत दावीद आणि कईला होतेच. मोलिना म्हणतो, देवाला काय काय शक्य आहे ते ठाऊक आहे, आणि प्रत्यक्ष काय घडणार तेही ठाऊक आहे. पण या दोहोंच्या मधे त्याला आणखी एक ज्ञान आहे. कुठलाही माणूस, कुठल्याही परिस्थितीत ठेवला, तर तो आपल्या मर्जीने काय करील. दावीद थांबला असता तर कईलाचे लोक फितले असते. येशूने सोर आणि सिदोन या शहरांबद्दल हेच म्हटलं आहे: तुमच्यात झालेली अद्भुत कृत्यं तिथे झाली असती, तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता. देव ही सगळी 'तर' जाणतो, त्यांवरून कुठलं जग घडवायचं ते ठरवतो, आणि त्या जगात माणसं मोकळीच राहतात.

सालामांकाचा, डोमिनिकन या दुसऱ्या कॅथलिक संघाचा दोमिंगो बान्येस भडकला. त्याच्या मते यात देव माणसाच्या निर्णयाची वाट बघणारा होतो, सगळ्या गोष्टींचं मूळ कारण राहत नाही. भांडण इतकं पेटलं की रोमला नेमलेली समिती १५९८ पासून १६०७ पर्यंत बसली, पोप आठवा क्लेमेंट जातीने बैठकींना हजर राहायचा. शेवटी पाचव्या पॉलने निकाल दिला तो असा: दोन्ही पक्षांनी आपापलं मत शिकवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये, पुढे योग्य वेळी निर्णय कळवला जाईल. तो अजून कळवलेला नाही. चर्चच्या इतिहासातला हा मला सगळ्यात प्रामाणिक कागद वाटतो.

याच वर्षांत मोलिनाच्याच संघाचा एक इंग्रज पाद्री गोव्यात साष्टीत बसून मराठी ओव्या रचत होता. थॉमस स्टीफन्स १५७५ साली रोममध्ये जेझुइट झाला, १५७९ साली गोव्याला आला, आणि १६१६ साली राचोलला त्याचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. रोममध्ये मोलिनाच्या बाजूने आणि विरुद्ध शेकडो पानं लिहिली जात असताना हा माणूस आदामाचं फळ खाणं आणि पेत्राचं नाकारणं ओवीत बसवत होता. दोघांत सोपं काम कोणतं, मला सांगता येणार नाही.

मोलिना मला हुशार वाटतो, पण त्याच्या वाटेने आत्याकडे जायची हिंमत होत नाही. त्याच्या देवाला हेही ठाऊक असणार की दादाला आणखी कुणी अडवलं असतं, बहिणीने गाडीची किल्ली लपवली असती, तर तो थांबला असता. असे हजार 'तर' समोर असताना त्याने हा एक निवडला, असं तिला सांगायचं? तिने मला चहासकट घराबाहेर काढलं असतं.

जिनीव्हाचा कॅल्विन, सोळाव्या शतकातला प्रोटेस्टंट सुधारक, असल्या गोष्टींना भीत नाही. आदामाचं पतन देवाला नुसतं ठाऊक नव्हतं, ते त्यानेच नेमून ठेवलं होतं, असं तो लिहितो, आणि लगेच कबूलही करतो की हा ठराव भयंकर आहे. १६१८-१९ साली हॉलंडमधल्या डॉर्टच्या धर्मसभेने, माणसाच्या निवडीला जागा ठेवणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांना धुडकावून ही बाजू पक्की केली. पुढे न्यू इंग्लंडमध्ये जोनाथन एडवर्ड्सने १७५४ साली इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला आणि बजावलं की ज्याचं अचूक पूर्वज्ञान आहे ते अटळ असलंच पाहिजे, उगाच पळवाटा शोधू नका. एडवर्ड्सच्या शिष्यपरंपरेची छाप असलेल्या अँडोव्हरच्या सेमिनरीत शिकून गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं ते तिथून, आणि १८३१ साली ते आमच्या नगरला पोचलं.

तेव्हा दुःखाच्या घरी जे 'प्रभूची योजना' म्हणतात ते काही हवेतून आलेलं नाही. त्याला जिनीव्हा ते नगर अशी वंशावळ आहे. पण माझा अंदाज आहे की त्यातलं निम्मंच कॅल्विनचं. आमच्या पणजोबांच्या पिढीने सटवाईला दारातून बाहेर घातली, ती योजना नाव घेऊन खिडकीतून आत आली. कॅल्विन निदान घाबरून लिहितो. आमची माणसं तेच वाक्य शेव-चिवड्याच्या बशीवर बोलतात. मेथडिस्टांकडे म्हणे हे कमी आहे. त्यांचा पंथ सुरू करणाऱ्या वेस्लीला कॅल्विनचं पूर्वनियोजन अजिबात खपत नसे. लग्न जुळवताना मात्र मुलीकडचे कॅल्विनचे की वेस्लीचे हे कोणी विचारत नाही. आत्या अजून दर रविवारी येते. उपदेशात योजना हा शब्द आला की ती पर्स उघडते आणि खोल काहीतरी शोधत राहते.

कईला, निनवे, हिज्कीया. सांगितलं आणि टळलं. पण दोन वेळा सांगूनही टळलं नाही, आणि दोन्ही एकाच रात्री, येशू पकडला गेला त्या.

पेत्र या शिष्याला तर येशूने नाव घेऊन, तपशिलासकट सांगितलं होतं: आज रात्री, कोंबडा आरवायच्या आत, तीन वेळा तू मला नाकारशील. दावीदासारखं वागायचं असतं तर त्या रात्री प्रमुख याजकाच्या वाड्याकडे फिरकायचंच नाही. पेत्र गेला, अंगणातल्या शेकोटीपाशी हात शेकत बसला. मार्काच्या शुभवर्तमानात कोंबडा दोनदा आरवणार असं आहे. म्हणजे पहिली बांग ही आठवणच होती, आणि ती होऊनही गाडी थांबली नाही. का? मला वाटतं, पेत्राला तो इशारा वाटलाच नाही, अपमान वाटला. तो लगेच म्हणाला, मरावं लागलं तरी मी तुला नाकारणार नाही. जे ऐकताना आपण फक्त आपली बाजू मांडत असतो, ते कानातून आत जात नाही. रात्रीचा निघू नको, हे दादालाही असंच ऐकू गेलं असेल: आईला मी अजून लहान वाटतो. इथे मला पहिल्यांदा जाणवलं की सांगणं हे सुद्धा ऐकणाऱ्याला मोकळं सोडतं. देवाच्या मौनाचा जाब आत्याने विचारला तो रास्तच आहे, आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही. पण सांगितलं असतं म्हणजे टळलं असतंच, हे पेत्राकडे बघून म्हणवत नाही.

लूक मात्र तिथे एक ओळ जास्त देतो, आणि सगळ्या वादात मला ती ओळ सगळ्यात अवघड वाटते. सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलं आहे, येशू म्हणतो, पण शिमोना (पेत्राचं मूळ नाव), तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी प्रार्थना केली आहे. आणि तू वळलास की आपल्या भावांना स्थिर कर. वळलास तर म्हणत नाही. याला पडणंही ठाऊक आहे, उठणंही ठाऊक आहे. मग प्रार्थना कशाला केली? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने लिहिलं की आपण देवाचा बेत बदलायला मागत नाही. प्रार्थनेतूनच मिळावं असं त्याने जे ठरवलं आहे, ते मिळवायला मागतो. हे सूत्र कोरडं आहे, पण इथे बरोबर बसतं. जाणणाऱ्याचं जाणणं त्याला हातावर हात ठेवून बघत बसू देत नाही. पेत्र उठणार हे ठाऊक होतं, त्यात ती प्रार्थनाही धरलेली होती.

आणि यहूदा? त्यालाही सांगितलं होतं, तेही मेजावर, घास बुडवून हातात देत. त्याआधी इतरांसारखेच त्याचेही पाय धुतले होते. बागेत तो चुंबन घ्यायला आला, तेव्हा मत्तय म्हणतो त्याला मित्र म्हणून हाक मारली. मागच्या रांगेतल्या पोरांना मी आता फळ्यावर सूर्य काढून दाखवत नाही. मी म्हणते, येशूला ठाऊक होतं म्हणून यहूदाने केलं, असं नाही. पण ठाऊक होतं तरी येशूने त्याचे पाय धुतले, हे मात्र आहे. एका मुलाने विचारलं, मग त्याच्यासाठी प्रार्थना का नाही केली, पेत्रासाठी केली तशी? मी घड्याळाकडे बघितलं.

कारण शुभवर्तमानांत तसं कुठे लिहिलेलं नाही. उलट योहानात येशूच त्याला नाशाचा पुत्र म्हणतो. पण यंदा उत्तम शुक्रवारी येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांपैकी पहिला बोलण्यासाठी माझ्याकडे आला आहे: हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही. त्यांना म्हणजे शिपायांना, याजकांना, पिलाताला, असंच आजवर सगळे सांगत आलेत. माझ्या मनात आहे यहूदालाही त्यात धरायचं. अडचण एवढीच की मत्तयाच्या क्रमाने त्याने आधीच गळफास घेतला होता. क्रुसावरून ही प्रार्थना निघाली तेव्हा तो उरला नव्हता. पण बोएथियसचं जर खरं असेल, देवापुढे सगळं एकदम हजर असेल, तर तिथे कुठलीच प्रार्थना उशिरा पोचत नाही. दुपारी मागितलेलं सकाळी ऐकलेलं असू शकतं. मान्य होईल की नाही हा भाग वेगळा. पण वेळ टळून गेली म्हणून ती फुकट, असं तरी होत नाही.

हे पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवावं म्हणून गेले. त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे व्यासपीठावरून नको. मृतांसाठी प्रार्थना आपल्यात नाही. अर्धी मंडळी म्हणेल, तुम्ही कॅथलिक झालात."

मी म्हटलं, "मृतासाठी नाही, पाळकसाहेब. तेव्हा जिवंत असलेल्यासाठी. फक्त मागून."

ते बराच वेळ कार्यक्रमपत्रिकेवर पेन्सिल फिरवत बसले. मग म्हणाले, "तुम्हाला दहा मिनिटं आहेत. वडील मंडळींची समिती पहिल्याच बाकावर असते. त्यात काय बसवायचं ते बसवा."